स्पर्धेकडून साखळीकडे : भारतातील राष्ट्रीय युवक फुटबॉल लीगची जडणघडण

प्रस्तावना

कोणत्याही देशाच्या फुटबॉलचा इतिहास बहुधा वरिष्ठ संघांच्या जयपराजयांतून लिहिला जातो. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटवर मिळवलेला विजय, १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान हे भारतीय फुटबॉलच्या वाटचालीतील टप्पे सर्वपरिचित आहेत. परंतु या संघांतील खेळाडू वयाच्या पंधराव्या ते एकोणिसाव्या वर्षांच्या दरम्यान कोठे होते, कोणाच्या देखरेखीखाली खेळत होते आणि वर्षाकाठी त्यांच्या वाट्याला किती सामने येत होते, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वस्तुतः खेळाडू घडतो तो याच चार-पाच वर्षांत.

या वयोगटासाठी भारतात दीर्घकाळ करंडक स्पर्धा होत्या, परंतु लीग नव्हती. आय-लीगच्या स्थापनेनंतर राष्ट्रीय पातळीवर युवक लीग सुरू झाली आणि कुमारवयीन खेळाडूला प्रथमच ‘हंगाम’ मिळाला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे. युवक लीगचा जन्म प्रामुख्याने व्यावसायिक क्लबांच्या परवान्याची एक अट म्हणून झाला. त्यामुळे तिचे अस्तित्व वरिष्ठ क्लबांच्या आर्थिक स्थैर्याशी बांधले गेले, आणि क्लब बंद पडताच त्याची कुमार शाखाही उघड्यावर आली, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. लेखाची व्याप्ती मुलांच्या लीगपुरती मर्यादित आहे. मुलींच्या फुटबॉलचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला असून त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

करंडकांचा काळ

भारतात फुटबॉल रुजला तो करंडकांच्या रूपाने. सिमल्याचा ड्युरंड चषक (१८८८), मुंबईचा रोव्हर्स चषक (१८९१) आणि कोलकात्याची आय.एफ.ए. शील्ड (१८९३) या स्पर्धांनी खेळाला प्रतिष्ठा व प्रेक्षक दिले. मात्र या स्पर्धांत उतरणारे खेळाडू तयार करण्याचे काम कोणत्याही एका संस्थेकडे नव्हते. शाळा, पोलीस दल, लष्करी पलटणी, रेल्वे आणि मोहल्ल्यातील मंडळे यांच्यामधून खेळाडू वर येत. मेलबर्न व जकार्ता येथील संघांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियावरील ४-२ अशा विजयात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे मुंबईच्या मैदानांवर घडलेले खेळाडू होते.

कुमार गटासाठी अखिल भारतीय स्वरूपाच्या स्पर्धा साठच्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाल्या. १९६० साली आंतरशालेय सुब्रतो चषक स्पर्धा सुरू झाली. तिला भारतीय वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नाव देण्यात आले. १९६२ साली राज्यांच्या कुमार संघांसाठी डॉ. बी. सी. रॉय करंडक सुरू झाला. पुढे किशोर गटासाठी मीर इक्बाल हुसेन करंडकाची भर पडली. पहिली स्पर्धा शाळांची, तर दुसरी राज्य संघटनांची, अशी ही विभागणी होती.

या स्पर्धांचे योगदान नाकारता येत नाही. लहान गावांतील व सीमावर्ती राज्यांतील मुले त्यांच्यामुळे निवडकर्त्यांच्या नजरेस आली. १९७४ साली बँकॉक येथे झालेल्या आशियाई युवक स्पर्धेत भारताने इराणसह संयुक्त विजेतेपद मिळवले. अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला होता. शब्बीर अली या संघाचे कर्णधार होते. त्याच वर्षी तेहरानच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचा वरिष्ठ संघ मात्र आपले सर्व सामने हरला. हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले असता गुणी मुलांचा अभाव हे ऱ्हासाचे कारण नव्हते, हे स्पष्ट होते. कुमार संघातून वरिष्ठ संघात जाण्याच्या मधल्या वर्षांसाठी कोणतीही व्यवस्था नव्हती, हे खरे कारण होय.

करंडक स्पर्धेची मर्यादा तिच्या रचनेतच असते. सोळा संघांच्या निव्वळ बाद फेरीच्या स्पर्धेत एकूण पंधरा सामने होतात. त्यांपैकी आठ संघ एकच सामना खेळून घरी परततात आणि विजेत्या संघालाही चारच सामने मिळतात. याउलट दहा संघांच्या दुहेरी साखळीत प्रत्येक संघाला अठरा सामने खेळावयास मिळतात. प्रत्यक्षातील करंडक स्पर्धांत बाद फेरीपूर्वी गटसाखळी ठेवून ही उणीव थोडी भरून काढली जाई. तरीही सारा प्रकार दोन-तीन आठवड्यांत आटोपत असे. अशा स्पर्धेत प्रशिक्षकाचा कल साहजिकच अंगापिंडाने थोराड मुलांना खेळवण्याकडे राहतो, कारण एक पराभव म्हणजे स्पर्धेचा शेवट असतो. चूक करून त्यातून शिकण्यासाठी पुढच्या आठवड्याचा सामना लागतो, आणि ती सोय या स्पर्धांत नव्हती.

निवासी अकादमीचा पर्याय

या पोकळीवर पहिले सुसंघटित उत्तर उद्योगजगताकडून आले. १९८७ साली जमशेदपूर येथे टाटा फुटबॉल अकादमीची स्थापना झाली. निवडक मुलांना चार वर्षे निवासी प्रशिक्षण, आहार, वैद्यकीय देखरेख आणि शालेय शिक्षण एकाच ठिकाणी देण्याची ही योजना होती. पी. के. बॅनर्जी व महंमद हबीब यांच्यासारख्या नामवंत माजी खेळाडूंनी तेथे प्रशिक्षक म्हणून काम केले. कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, दीपक मंडल, सुब्रत पाल आणि गोव्याचे बचावपटू महेश गवळी हे या अकादमीतून घडले. एका टप्प्यावर राष्ट्रीय संघाच्या निवडीत या अकादमीचा ठसा स्पष्टपणे जाणवत होता.

तथापि, अकादमी ही लीगला पर्याय ठरू शकत नाही. तेथील मुलांना प्रशिक्षण उत्तम मिळत होते, परंतु आपल्याच वयाच्या व तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांशी वर्षभर नियमित सामने मिळण्याची शाश्वती नव्हती. शिवाय निवड झालेल्या मोजक्या मुलांचा प्रश्न सुटला, तरी निवड न झालेल्या असंख्य मुलांचा प्रश्न तसाच राहिला. पंधराव्या वर्षी निवड समितीच्या नजरेतून सुटलेल्या मुलाला सतराव्या वर्षी पुन्हा संधी मिळण्याचे दार लीगच उघडे ठेवू शकते.

परवान्याची अट आणि लीगचा उदय

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिल्या हंगामाचे विजेतेपद फगवाड्याच्या जे.सी.टी. संघाने पटकावले. देशव्यापी साखळी स्पर्धेचे तत्त्व अशा रीतीने प्रथम वरिष्ठ गटात मान्य झाले. २००७-०८ च्या हंगामापासून या स्पर्धेचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. दहा संघांच्या त्या पहिल्या हंगामात गोव्याचा डेम्पो संघ विजेता ठरला. याच सुमारास आशियाई फुटबॉल महासंघाने सदस्य देशांतील क्लबांसाठी परवान्याचे निकष लागू करण्यास प्रारंभ केला. क्लबाची कायदेशीर रचना, आर्थिक ताळेबंद, मैदान, प्रशिक्षकांची अर्हता आणि युवक विकास हे या निकषांचे मुख्य घटक होते. व्यावसायिक संघ चालवणाऱ्या क्लबाने कुमार संघही बाळगले पाहिजेत, ही अपेक्षा अशा प्रकारे नियमाच्या स्वरूपात आली.

या पार्श्वभूमीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीगच्या जोडीने युवक लीग सुरू केली. प्रारंभी ती १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी होती. पुढे वयोमर्यादा कधी २०, कधी १९, तर कधी १८ अशी बदलत गेली. २०१५-१६ पासून १५ वर्षांखालील गटाची व त्यानंतर १३ वर्षांखालील गटाची भर पडली. क्लबांबरोबरच मान्यताप्राप्त अकादमींनाही प्रवेश मिळू लागला. प्रवासखर्च मर्यादित राहावा म्हणून संघांची भौगोलिक विभागांत वाटणी करून आधी विभागीय साखळी व नंतर एका ठिकाणी अंतिम फेरी, अशी सर्वसाधारण पद्धत रूढ झाली.

या लीगने घडवलेला बदल मूलगामी होता. कुमारवयीन खेळाडूची ओळख शाळा किंवा राज्य यांच्याऐवजी क्लबशी जोडली गेली. वरिष्ठ संघाच्या प्रशिक्षकाला आपल्याच क्लबाच्या मुलांचा खेळ पाहता येऊ लागला. चंडीगड परिसरातील मिनर्व्हासारख्या अकादमी या लीगमुळे देशाच्या नकाशावर आल्या. ईशान्येकडील राज्यांतील मुलांना तर पुणे, गोवा, बंगळूर अशा दूरच्या शहरांतील क्लबांत जाण्याचा राजमार्गच मिळाला.

मात्र त्याच परवाना व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. २०१३ साली एअर इंडिया व ओ.एन.जी.सी. हे मुंबईतील दोन संघ परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे आय-लीगबाहेर गेले. हे संघ सार्वजनिक उपक्रमांचे होते. अशा संघांत खेळाडूला नोकरी मिळे आणि खेळण्याचे वय सरल्यावरही घर चालत असे. एका अर्थाने जुन्या व्यवस्थेत कुमार खेळाडूच्या प्रवासाचे अंतिम स्थानक नोकरी हे होते. नव्या व्यवस्थेत ते मुदतीचा करार हे झाले. कराराची रक्कम मोठी असू शकते, पण तिची मुदत ठरलेली असते. सोळा वर्षांच्या मुलाला मैदानावर पाठवायचे की नाही, हे ठरवणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

ॲरोजचा प्रयोग

युवक लीगमधील खेळाडू अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी वरिष्ठ क्लबात दाखल झाला, तरी त्याला प्रत्यक्ष सामन्यात उतरवण्यास क्लब कचरत. विजेतेपदाच्या किंवा पदावनतीच्या दबावाखाली अनुभवी व परदेशी खेळाडूंना प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. यावर उपाय म्हणून महासंघाने २०१० साली केवळ तरुण भारतीय खेळाडूंचा एक विकाससंघ आय-लीगमध्ये उतरवला. प्रथम ए.आय.एफ.एफ. इलेव्हन, नंतर इंडियन ॲरोज व काही काळ पैलान ॲरोज या नावाने हा संघ खेळला. त्याला परदेशी खेळाडू नव्हते व पदावनतीची भीतीही नव्हती. जेजे लालपेखलुआ व गुरप्रीत सिंग संधू हे पहिल्याच हंगामात या संघातून खेळले. २०१३ साली हा प्रयोग थांबला, २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०२२ मध्ये अखेर बंद करण्यात आला.

ॲरोजचे मूल्यमापन गुणतक्त्यावरून करणे योग्य ठरणार नाही. जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली, राहुल के. पी., रहीम अली, आकाश मिश्रा व विक्रम प्रताप सिंग यांना कोवळ्या वयात वरिष्ठ पातळीवरील सामने मिळाले आणि त्यानंतर इंडियन सुपर लीगमधील क्लबांनी त्यांना सामावून घेतले. परंतु हा संघ महासंघाच्या खर्चाने चालणारा असल्याने त्याचे भवितव्य प्रत्येक वेळी धोरण व निधी यांवर अवलंबून राहिले. एक संघ पंचवीस-तीस मुलांना संधी देऊ शकतो; देशातील सर्व क्लबांनी करावयाचे काम त्या एका संघाने करावे, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

२०१७ चा विश्वचषक

ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिला लाभलेली १३,४७,१३३ ही एकूण प्रेक्षकसंख्या तोवरचा या स्पर्धेचा उच्चांक ठरली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम यजमान मैदानांपैकी एक होते. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मिशन वन मिलियन’ या उपक्रमाद्वारे राज्यभरातील शाळकरी मुलांच्या पायाशी चेंडू नेला. भारतीय संघ अमेरिका (०-३), कोलंबिया (१-२) व घाना (०-४) या तिन्ही संघांकडून पराभूत झाला. परंतु ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल म्हणून नोंदला गेला.

या संघाची तयारी कशी झाली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. देशभरातून निवडलेल्या मुलांना गोव्यातील महासंघाच्या अकादमीत एकत्र ठेवून, परदेश दौऱ्यांवर नेऊन हा संघ बांधला गेला. म्हणजेच त्या वेळी युवक लीग अस्तित्वात असतानाही महासंघाने जुनी अकादमीचीच वाट धरली. एकवीस जणांच्या संघात मणिपूरचे आठ खेळाडू होते, ही बाबही विचार करायला लावणारी आहे. जेथे स्थानिक पातळीवर लहान मुले वर्षभर फुटबॉल खेळतात, तेथून खेळाडू येतात. राष्ट्रीय लीग ही त्या पायावरचा मजला असते, ती पायाची जागा घेऊ शकत नाही. २०१८ साली गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली १६ वर्षांखालील संघाने आशियाई स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे दक्षिण कोरियाकडून ०-१ असा पराभव झाल्याने विश्वचषकाची पात्रता एका सामन्याने हुकली.

महाराष्ट्र आणि गोवा : क्लब गेले, मुलांचे काय?

युवक लीग व वरिष्ठ क्लब यांच्या परस्परावलंबनाचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात आढळते. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफ.सी.ने अल्पावधीत उत्तम अकादमी उभी केली, तिच्या संघाने राष्ट्रीय युवक लीगचे विजेतेपद मिळवले आणि वरिष्ठ संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून आलेला आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला. काही वर्षांतच हा क्लब बंद झाला. त्याची अकादमी २०१६ मध्ये एफ.सी. पुणे सिटीने घेतली. २०१९ मध्ये तो क्लबही विसर्जित झाला. दरम्यान, लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने पुण्यात उभ्या राहिलेल्या डी.एस.के. शिवाजियन्सच्या अकादमीतून लालियानझुआला छांगटे व जेरी लालरिनझुआला यांच्यासारखे राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचलेले खेळाडू बाहेर पडले, परंतु तो संघही २०१७ नंतर आय-लीगमध्ये राहिला नाही. मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० मध्ये, तर मुंबई एफ.सी. २०१७ मध्ये बंद झाला.

एका दशकाच्या आत एकाच राज्यातील इतके क्लब नाहीसे झाल्यावर वरिष्ठ खेळाडू दुसरीकडे करार शोधू शकले. कुमार खेळाडूंची स्थिती वेगळी होती. त्यांचे वसतिगृह, शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय आणि संघ ही तिन्ही क्लबाशी निगडित होती. बारावीच्या वर्षात असलेल्या मुलाला नवे शहर गाठणे म्हणजे शिक्षणाचे वर्ष पणाला लावणे होते. विजेत्या संघांची नोंद स्पर्धेच्या इतिहासात राहते. अशा वेळी खेळ सोडून गेलेल्या मुलांची नोंद कोठेच राहत नाही. युवक लीगच्या यशापयशाचा हिशोब मांडताना ही न लिहिली गेलेली बाजू ध्यानात ठेवणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे.

कोल्हापूरचे उदाहरण याहून निराळे आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ खेळतात आणि पेठापेठांतील ईर्षेमुळे मैदान भरून जाते. क्लबसंस्कृतीचा हा देशी नमुना कोणत्याही उद्योगसमूहाच्या ताळेबंदावर अवलंबून नाही. तरीही २०१७ च्या विश्वचषक संघातील कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला क्रीडा प्रबोधिनी, पुणे एफ.सी.ची अकादमी व महासंघाची अकादमी असा प्रवास घराबाहेर राहून करावा लागला. टिकाऊ संस्था एका गावात आणि व्यावसायिकतेकडे नेणारी शिडी दुसऱ्या गावात, अशी ही विसंगती होती.

गोव्यात फुटबॉलची मुळे गावोगावच्या मैदानांत व चर्चच्या आवारांत रुजलेली असल्याने परिस्थिती काहीशी बरी राहिली. राष्ट्रीय लीगच्या फेररचनेस विरोध म्हणून २०१६ साली साळगावकर, डेम्पो व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. वरिष्ठ स्पर्धेतून माघार घेऊनही डेम्पोने क्लब म्हणून अस्तित्व टिकवले आणि पुढे २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. स्थानिक लीग सशक्त असेल तर राष्ट्रीय पातळीवरील उलथापालथ क्लबाला संपवू शकत नाही, हा धडा यातून मिळतो.

वयाचा दाखला आणि प्रशिक्षणाची भरपाई

युवक लीगच्या मार्गात दोन प्रश्न सातत्याने उभे राहिले. पहिला वयचोरीचा. जन्मदाखल्यावरील तारीख व खेळाडूचे खरे वय यांतील तफावत हे भारतीय कुमार क्रीडास्पर्धांचे जुने दुखणे होय. महासंघाने मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण तपासणीवर आधारित टी.डब्ल्यू.-३ ही पद्धत अवलंबली; फिफा आपल्या १७ वर्षांखालील स्पर्धांत एम.आर.आय. तपासणीचा वापर करते. मोठ्या वयाचा खेळाडू लहान गटात खेळला की सामना जिंकता येतो, परंतु ज्याच्यासाठी ती जागा होती त्या मुलाची संधी जाते. शिवाय वय लपवलेला खेळाडू वरिष्ठ गटात पोहोचेपर्यंत त्याच्या वाढीची वर्षे संपलेली असतात.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. फिफाने २००१ साली अमलात आणलेल्या नियमांनुसार खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केल्यावर, तसेच तेविसाव्या वर्षाच्या हंगामापर्यंतच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय क्लबबदलात, त्याला बाराव्या वर्षापासून प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांना भरपाई मिळते. याशिवाय करारबद्ध खेळाडूच्या हस्तांतरण रकमेतील पाच टक्के वाटा त्याच्या जडणघडणीतील क्लबांसाठी राखलेला असतो. देशांतर्गत बदलांसाठी नियम करण्याची जबाबदारी त्या त्या राष्ट्रीय महासंघावर आहे. या व्यवस्थेमागील विचार साधा आहे : रोपटे लावणाऱ्याला फळातील वाटा मिळावा. मात्र त्यासाठी प्रत्येक मुलाची नोंदणी वेळेवर व अचूक असावी लागते, आणि भरपाईची वेळ येईपर्यंत प्रशिक्षण देणारी संस्था जिवंत असावी लागते. भारतातील अनेक क्लबांचे आयुष्यच याहून कमी ठरले.

खंड आणि पुनर्रचना

मार्च २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे युवक लीगचे हंगाम अर्ध्यावर थांबले व त्यानंतर दीर्घ खंड पडला. वरिष्ठ लीग गोव्यातील बंदिस्त वातावरणात खेळवली गेली. कुमारांसाठी तशी सोय करणे शक्य झाले नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दोन हंगाम वाया जाणे म्हणजे एक अख्खा वयोगट हातातून जाणे होय.

या खंडानंतर एप्रिल २०२२ मध्ये गोव्यात रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी इंडियन सुपर लीगमधील सात क्लबांचे युवक संघ व नवी मुंबईतील यंग चॅम्प्स अकादमीचा संघ असे आठ संघ तीत उतरले. बंगळूर एफ.सी. विजेता ठरला, तर दुसऱ्या स्थानावरील केरळ ब्लास्टर्ससह त्याला इंग्लंडमधील नेक्स्ट जेन चषकात खेळण्याची संधी मिळाली. पुढील वर्षांत विभागीय फेऱ्यांद्वारे या लीगचा विस्तार झाला. महासंघानेही आपल्या युवक लीगची १३, १५ व १७ वर्षांखालील अशा तीन गटांत पुनर्रचना केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे फिफाच्या सहकार्याने अकादमी सुरू झाली, तिच्या उद्घाटनास आर्सेन वेंगर उपस्थित होते.

या घडामोडी आशादायक असल्या, तरी मूळ दुबळेपणा कायम राहिला. व्यापारी हक्कांचा करार संपत आल्यामुळे इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम नियोजित वेळी सुरू होऊ शकला नाही, तेव्हा वरच्या मजल्यावरील अनिश्चिततेची झळ खालच्या मजल्यांना पोहोचण्याचा धोका पुन्हा स्पष्ट झाला.

दोन परदेशी नमुने

तुलनेसाठी जर्मनी व जपान या देशांचा विचार उद्बोधक ठरेल. २००० च्या युरोपीय स्पर्धेत गटात तळाला राहिल्यानंतर जर्मनीने अव्वल क्लबांना युवक केंद्रे चालवणे बंधनकारक केले, आणि २००३ पासून १९ वर्षांखालील व २००७ पासून १७ वर्षांखालील संघांसाठी विभागवार बुंडेस्लिगा सुरू केली. अट भारताप्रमाणेच परवान्याची होती. परंतु ती पाळणारे क्लब शतकाची परंपरा असलेले, सभासदांच्या मालकीचे व आपल्या शहराशी बांधलेले होते.

जपानचा मार्ग भारताला अधिक जवळचा आहे. तेथेही शालेय फुटबॉलची परंपरा जुनी आणि व्यावसायिक लीग १९९३ ची, म्हणजे अलीकडची. २०११ पासून तेथील १८ वर्षांखालील प्रीमियर लीगमध्ये व्यावसायिक क्लबांचे युवक संघ व माध्यमिक शाळांचे संघ एकाच साखळीत खेळतात. विद्यापीठीय फुटबॉलही व्यावसायिक क्लबांना खेळाडू पुरवतो. काओरू मितोमा याने कावासाकी क्लबाच्या युवक शाखेतून थेट व्यावसायिक होण्याऐवजी त्सुकुबा विद्यापीठात शिक्षण पूर्ण केले व नंतर त्याच क्लबाकडून खेळून तो पुढे इंग्लंडपर्यंत पोहोचला. भारतात मात्र सुब्रतो चषक शाळांकडे, युवक लीग क्लबांकडे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाकडे असे तीन स्वतंत्र प्रवाह वाहत राहिले. त्यांना जोडणारा पूल बांधला गेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. करंडक स्पर्धांनी खेळाडू शोधले, अकादमींनी मोजक्या खेळाडूंना घडवले आणि युवक लीगने प्रथमच कुमार खेळाडूला नियमित हंगाम दिला. या क्रमात लीगचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तिची उभारणी परवान्याच्या अटीवर झाल्याने जेथे वरिष्ठ क्लब टिकाऊ होते तेथे ती फळाला आली, आणि जेथे क्लब अल्पायुषी ठरले तेथे तिचे यशही वाळूवरचे ठरले. पुण्याचा अनुभव हे याचे सर्वांत स्पष्ट प्रमाण होय.

यावरील उपाय भारतीय समाजात आधीच अस्तित्वात असलेल्या टिकाऊ संस्थांमध्ये शोधावा लागेल. कोल्हापूरच्या तालमी, गोव्यातील ग्रामीण क्लब, ईशान्येकडील स्थानिक लीग, शाळा आणि महाविद्यालये या संस्था गुंतवणूकदाराच्या एका निर्णयाने नाहीशा होत नाहीत. राष्ट्रीय युवक लीगच्या विभागीय फेऱ्यांत अशा संस्थांना क्लबांच्या बरोबरीने स्थान मिळाले, तर क्लब बंद पडला तरी मुलाचा हंगाम बंद पडणार नाही. महाविद्यालयांची जबाबदारीही यात कमी नाही. सराव व सामने यांमुळे वर्ग चुकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूला उपस्थिती व परीक्षा यांबाबत सवलत देणे, आणि व्यावसायिक करार न मिळाल्यास परतीची वाट खुली ठेवणे, हे कार्य शिक्षणसंस्थाच करू शकतात. युवक लीगमध्ये उतरणाऱ्या बहुसंख्य मुलांना व्यावसायिक करार मिळत नाही, हे जगभरचे वास्तव आहे. म्हणून अशा लीगचे मूल्यमापन करताना तिने राष्ट्रीय संघाला किती खेळाडू दिले याबरोबरच, उरलेल्या मुलांच्या हाती तिने काय ठेवले, याचाही विचार होणे आवश्यक आहे.